पैसा धावा काढतो का?

एकीकडे ओसंडून वाहणारी तिजोरी, दुसरीकडे कोचच्या खिशातला पॅनकेक. अमेरिकन बेसबॉलच्या प्लेऑफमध्ये दर ऑक्टोबरला गरीब-श्रीमंतांचा हा सामना रंगतो. जिंकतं कोण? आणि खरं सांगा, आपण मनातून कुणाच्या बाजूने असतो?

१८ ऑक्टोबर २०२५. धनत्रयोदशीची सकाळ, वेळ सहा-सव्वासहाची. स्वयंपाकघरात भाजणी मळून तयार, आणि मी हॉलमध्ये लॅपटॉपसमोर.

"अगं, आज तरी तो डबा बंद कर. चकल्या पाडायला कोण येणार?"

"आई, दहाच मिनिटं. मॅच सुरू झालीये."

"क्रिकेट?"

"नाही गं, बेसबॉल."

यावर आईने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिचं वर्णन करायला मराठीत शब्द नाहीत. पण माझा नाइलाज होता. माझा आतेभाऊ (आमचा दादा) गेली दहा वर्षं अमेरिकेत मिलवॉकी नावाच्या गावात नोकरी करतो. त्याच्या नादाने मीही तिथल्या 'ब्रूअर्स' संघाची फॅन झाले. आणि त्या सकाळी आमचे ब्रूअर्स लॉस एंजेलिसच्या 'डॉजर्स'समोर अक्षरशः मार खात होते. डॉजर्सच्या शोहेई ओहतानीने आधी पिचर म्हणून पहिल्याच डावात तिघांना बाद केलं. मग बॅट घेऊन सलामीला आला आणि चेंडू थेट प्रेक्षकांत पाठवला. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं, तर पहिल्या ओव्हरला हॅटट्रिक घ्यायची आणि त्याच माणसाने ओपनिंगला येऊन सिक्सर मारायचा! सामना संपला तेव्हा ओहतानीच्या नावावर तीन होमरन आणि दहा बळी होते. डॉजर्स ५-१ ने जिंकले, मालिका ४-० ने खिशात.

दादाचा मेसेज आला. "संपलं. धनत्रयोदशीला लक्ष्मी तिकडेच गेली."

मी चकल्या पाडायला गेले खरी, पण डोक्यात तोच किडा. खरंच लक्ष्मी जिंकवते का?

क्रिकेटवाल्यांसाठी दोन मिनिटांत बेसबॉल

मेजर लीगमध्ये ३० संघ. एप्रिलच्या आगेमागे सुरू होऊन सप्टेंबरअखेरपर्यंत प्रत्येकाचे तब्बल १६२ सामने. त्यातले १२ संघ प्लेऑफमध्ये. आधी तीन, मग पाच, मग सात सामन्यांची मालिका, आणि शेवटी पुन्हा सात सामन्यांची 'वर्ल्ड सीरिज'. एका सामन्यात नऊ इनिंग. प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघांना बॅटिंग, आणि तीन आउट झाले की पाळी बदलली. चार बेसना वळसा घालून परत आलात की एक रन. बस, एवढं पुरे.

ज्याचं त्याचं पाकीट

आपल्याला आयपीएलची सवय. तिथे संघ बांधायला सगळ्यांच्या हातात एकूण सारखीच रक्कम असते. २०२५ च्या लिलावात दहाही संघांना १२० कोटींचीच मर्यादा होती. मालक कितीही गब्बर असो, त्या आकड्यापुढे जायचं नाही. बेसबॉलमध्ये तसं नाही. तिथे पगारावर कमाल मर्यादाच नाही. ठरावीक आकड्याच्या वर गेलात तर 'लक्झरी टॅक्स' नावाचा दंड भरायचा, की झालं. २०२५ मध्ये तो आकडा २४.१ कोटी डॉलर होता. ज्यांना परवडतं ते हसत हसत ओलांडतात.

आणि परवडतं कुणाला? तर ज्यांचं शहर मोठं त्यांना. कारण स्थानिक सामन्यांच्या टीव्ही हक्कांचा मोठा वाटा ज्याचा त्याने ठेवायचा. डॉजर्सनी २०१३ मध्ये टाइम वॉर्नर केबलशी २५ वर्षांचा करार केला, तो ८३५ कोटी डॉलरचा. उलट मिलवॉकी हे लीगमधलं सगळ्यात छोटं टीव्ही मार्केट. लोकसंख्येने साधारण आपल्या कोल्हापूर शहराएवढं गाव! तिथे टीव्हीवाले कशाला थैल्या ओततील?

परिणाम काय, ते बघा. २०२५ मध्ये ब्रूअर्सच्या सगळ्या खेळाडूंचे पगार मिळून १२ कोटी डॉलरच्या आसपास. डॉजर्सचे ३० कोटींच्या बरेच वर. डॉजर्सनी त्या वर्षासाठी नुसता दंड भरला तोच जवळपास १७ कोटी. म्हणजे शेजाऱ्याच्या पार्किंगच्या दंडात आपल्या अख्ख्या घराचा खर्च भागावा, तशातली गत. एकट्या ओहतानीचा करार १० वर्षांचा, ७० कोटी डॉलरचा. त्यातले ६८ कोटी तो करार संपल्यावर घेणार. उधारीसुद्धा राजेशाही!

ओकलंडचा हिशेब

गरिबाने श्रीमंताला कसं गाठावं, याचा सगळ्यात गाजलेला फंडा ओकलंड अ‍ॅथलेटिक्सचा. 'मनीबॉल' सिनेमा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. ब्रॅड पिटवाला, २०११ चा. त्याच्या आठ वर्षं आधी मायकेल लुइसचं त्याच नावाचं पुस्तक आलं होतं. त्यातली गोष्ट २००२ च्या सीझनची.

ओकलंडचं वर्षाचं पगारपत्रक साधारण ४ कोटी डॉलरचं, न्यूयॉर्क यांकीजचं साडेबारा कोटींच्या घरात. आदल्याच डिसेंबरात यांकीजनी ओकलंडचा हुकमी एक्का जेसन जियाम्बी सात वर्षांसाठी १२ कोटी डॉलर देऊन उचलला होता. ओकलंडचा जनरल मॅनेजर बिली बीन याने मग बाजारात भाव नसलेला माल शोधायला सुरुवात केली. सगळे संघ दिसायला रुबाबदार, जोरकस फटके मारणारे खेळाडू शोधत होते. बीनचं म्हणणं साधं होतं. फटका मारा, नाहीतर चार वाइड चेंडू सोडून फुकटचा बेस मिळवा. आउट न होता बेसवर पोहोचल्याशी मतलब. या गुणाला बाजारात किंमत नव्हती, म्हणून तो स्वस्तात मिळत होता.

स्कॉट हॅटेबर्गचंच बघा ना. हा मूळचा विकेटकीपरसारखा 'कॅचर'. कोपराच्या नसेला इजा झाली, धड थ्रो करता येईना. बाकीच्यांनी त्याच्यावर फुली मारली. ओकलंडने त्याला फर्स्ट बेसवर उभं केलं, जिथे थ्रो कमी करावा लागतो. ४ सप्टेंबर २००२ ला ओकलंड सलग विसाव्या विजयासाठी खेळत होतं. ११-० अशी आघाडी होती, ती ११-११ वर आली. शेवटच्या इनिंगमध्ये बदली म्हणून बॅटिंगला आलेल्या हॅटेबर्गने होमरन मारला आणि सामना १२-११ ने जिंकून दिला. अंगावर काटा येतो!

सीझनअखेर ओकलंडचे विजय १०३. यांकीजचेही १०३. एक तृतीयांश पैशांत तेवढाच निकाल. आता प्लेऑफमध्ये मजा येणार, असं वाटलं ना? दोघंही पहिल्याच फेरीत गारद. यांकीज एंजल्सकडून हरले. आणि ओकलंड मिनेसोटा ट्विन्सकडून, म्हणजे अशा संघाकडून, जो बंदच करून टाकायचं लीगच्या मालकांच्या मनात होतं. गरिबाला गरिबानेच घरी पाठवलं.

२००० ते २००३ अशी सलग चार वर्षं ओकलंड पहिल्या फेरीत ३-२ ने हरलं. चारही वेळा मालिका जिंकायला एकच विजय हवा होता. असे एकूण नऊ सामने वाट्याला आले. नऊच्या नऊ हरले.

लॉटरी, पण तिकिटं किती?

याला नशीब म्हणायचं की आणखी काही? बेसबॉलचा स्वभावच असा आहे की उत्तमातला उत्तम संघही दहातले चार सामने हरतो. १६२ सामन्यांत चांगला-वाईट वेगळा होतो, पाच सामन्यांत होईलच असं नाही. आपल्याकडे कसोटी आणि टी-ट्वेंटीत फरक पडतो, तसंच.

म्हणूनच पैसा ओतला की ट्रॉफी मिळाली, इतकं सोपं नाही. न्यूयॉर्क मेट्सना विचारा. हुआन सोटोला त्यांनी १५ वर्षांसाठी ७६.५ कोटी डॉलर देऊ केले आणि २०२५ मध्ये ते प्लेऑफलासुद्धा पोहोचले नाहीत. २००३ मध्ये फ्लोरिडा मार्लिन्सने यांकीजना त्यांच्याच स्टेडियमवर हरवून वर्ल्ड सीरिज नेली, तेव्हा कोच जॅक मकीन ७२ वर्षांचे होते आणि शेवटच्या सामन्यात एकहाती शून्यावर रोखणारा पिचर जॉश बेकेट २३ वर्षांचा. खुद्द डॉजर्सनीही कमी मार खाल्लेला नाही. २०२२ मध्ये १११ विजय मिळवून पहिल्याच मालिकेत बाहेर. २०२३ मध्ये १०० विजय, आणि जेमतेम ८४ जिंकलेल्या अ‍ॅरिझोनाकडून ३-० ने धुलाई.

मग पैसा करतो काय? दादाशी फोनवर वाद घालता घालता मला याचं उत्तर सापडलं. पैसा सामना जिंकून देत नाही, पैसा पुढचं तिकीट काढून देतो. डॉजर्स २०१३ पासून २०२५ पर्यंत एकही वर्ष न चुकता प्लेऑफमध्ये होते. पहिल्या ११ वर्षांत ट्रॉफी एकच, २०२० ची. पण २०२२ ला हरले, २०२३ ला पुन्हा आले. तेव्हा हरले, २०२४ ला पुन्हा आले. त्या वर्षी जिंकले आणि २०२५ लाही जिंकले. महागडा खेळाडू जखमी झाला तर दुसरा महागडा खेळाडू घ्यायचा. चुकायची ऐपत असणं, हीच खरी श्रीमंती.

ओकलंडला ती ऐपत नव्हती. चार वर्षं संधी हुकली, तोवर पोरं मोठी झाली, त्यांचे भाव वाढले. मिगेल तेहादा गेला, टिम हडसन आणि मार्क मल्डर गेले. आणि २०२४ च्या सीझननंतर तर संघानेच ओकलंड सोडलं. मुक्काम तात्पुरता सॅक्रामेंटोला, पुढचं स्वप्न लास वेगासचं.

७३ चेंडू

गरिबाची सगळ्यात महागडी चूक बघायची असेल तर २७ ऑक्टोबर २०२० ची रात्र बघा. करोनामुळे सीझन ६० सामन्यांचाच होता. वर्ल्ड सीरिजमध्ये डॉजर्ससमोर टॅम्पा बे रेज. पगाराच्या यादीत तळाला, हिशेबात सगळ्यांच्या पुढे. सहावा सामना, रेज १-० ने पुढे. त्यांचा डावखुरा पिचर ब्लेक स्नेल स्वप्नवत खेळत होता. ७३ चेंडू, ९ बळी, फक्त २ हिट. डॉजर्सचे पहिले तीन बॅटर त्याच्यासमोर सहाच्या सहा वेळा भोपळा घेऊन परतले होते.

आणि कोच केव्हिन कॅश चालत मैदानात आला. रेजचं गणित सांगत होतं की बॅटर पिचरला तिसऱ्यांदा सामोरा गेला की त्याला चेंडू ओळखू येतो. याच गणितावर रेज इथवर आले होते. स्नेलला बाहेर काढलं. टीव्हीवर त्याचा चेहरा बघवत नव्हता. पुढच्या काही चेंडूंत मुकी बेट्सने डबल मारला आणि १-० चा १-२ झाला. डॉजर्स जिंकले ३-१ ने.

दोन महिन्यांत रेजने स्नेलला सॅन दिएगोला देऊन टाकलं. पगार झेपेना.

आता पुढची गंमत ऐका. डॉजर्सचा कारभार बघणारा अँड्र्यू फ्रीडमन हा मूळचा वॉल स्ट्रीटवरचा माणूस. त्याने नाव कमावलं ते टॅम्पात. आधीच्या दहा सीझनपैकी नऊ वेळा तळाला राहिलेला तो संघ याच्या कारकिर्दीत २००८ मध्ये ९७ सामने जिंकून थेट वर्ल्ड सीरिजला पोहोचला होता. २०१४ मध्ये डॉजर्सनी त्यालाच उचललं. म्हणजे गरिबाची अक्कल आणि श्रीमंताचं पाकीट एकाच टेबलावर! एके काळी गरिबाकडे निदान डोकं तरी स्वतःचं होतं. आता त्यालाही ऑफर लेटर जातं.

खिशातला पॅनकेक

आता येऊ पुन्हा आमच्या ब्रूअर्सकडे. २०२३ च्या नोव्हेंबरात त्यांचा कोच क्रेग काउन्सेल, मिलवॉकीच्याच परिसरात वाढलेला घरचा माणूस, शेजारच्या श्रीमंत शिकागो कब्जकडे गेला. पाच वर्षांचे ४ कोटी डॉलर. ब्रूअर्सनी त्याचा सहायक पॅट मर्फी याला बढती दिली. मर्फी म्हणजे कॉलेजात काउन्सेललाच शिकवणारा कोच. साठी ओलांडल्यावर पहिल्यांदा पूर्ण वेळ मुख्य खुर्ची मिळालेला हा अवलिया मैदानावर खिशात पॅनकेक ठेवतो. एकदा मुलाखत चालू असताना सरळ काढून खायलाच लागला! आपल्या पोरांना तो 'अ‍ॅव्हरेज जोज' म्हणायचा. म्हणजे आपले साधे गण्या-गणपे.

त्या वर्षी विली अडामेस १८.२ कोटी डॉलरच्या करारावर सॅन फ्रान्सिस्कोला गेला होता. भरवशाचा पिचर डेव्हिन विल्यम्स यांकीजना देऊन टाकला होता. त्याच्या बदल्यात आलेला केलेब डर्बिन थर्ड बेसवर कायमचा झाला. शिकागो व्हाइट सॉक्सने खालच्या लीगमध्ये ढकललेला अँड्र्यू वॉन इथे येऊन होमरन ठोकू लागला. ऑगस्टमध्ये सलग १४ विजय झाले. सलग १२ जिंकले की गावातली जॉर्ज वेब नावाची रेस्टॉरंट साखळी फुकट बर्गर वाटते, अशी तिथली जुनी प्रथा. २०२५ च्या आधी हा योग फक्त १९८७ आणि २०१८ मध्ये आला होता. दादाने रांगेतून मला फोटो पाठवला, बर्गर हातात धरून, सत्यनारायणाचा प्रसाद धरावा तसा.

९७ विजय, अख्ख्या लीगमध्ये पहिला नंबर. डॉजर्सशी सहा सामने झाले, सहाही जिंकले. प्लेऑफमध्ये आधी गाठ पडली काउन्सेलच्या कब्जशी. गुरू विरुद्ध शिष्य! पाचव्या सामन्यात ३-१ ने गुरू जिंकला.

आणि मग डॉजर्स. पहिल्या सामन्यात त्यांच्याकडून चेंडू हातात घेऊन आला ब्लेक स्नेल. होय, तोच. आता पाच वर्षांच्या १८.२ कोटी डॉलरच्या करारावर. या वेळी त्याला बोलवायला कुणी मैदानात आलं नाही. आठ इनिंग, एक हिट, दहा बळी. तरी शेवटच्या इनिंगमध्ये ब्रूअर्सनी तिन्ही बेस भरले. १-२ असा स्कोअर. ब्राइस टुरँगच्या अंगावर एक चेंडू आला. तो लागला असता तर फुकटचा रन आणि बरोबरी. पण माणूसच तो, सवयीने बाजूला झाला. नंतर आउट. दुसऱ्या सामन्यात योशिनोबु यामामोतोने नऊच्या नऊ इनिंग एकट्याने टाकल्या. तिसऱ्यात चेंडू टायलर ग्लॅसनाउकडे. तोही २०२० च्या त्या रेजमधलाच! चौथ्यात ओहतानी. चार सामन्यांत ब्रूअर्सचे रन किती? प्रत्येकी एक.

आपण कुणाचे?

तर लक्ष्मी जिंकवते का? १६२ सामन्यांत ब्रूअर्सने दाखवून दिलं की तिच्यावाचून अडत नाही. ऑक्टोबरातल्या चार सामन्यांत डॉजर्सनी दाखवून दिलं की सरस्वतीही आता त्यांच्याच घरी राहायला आलीये. खेळाडूंचा आणि मालकांचा सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ पर्यंतचा. त्यापुढे पगाराला मर्यादा हवी की नको, यावर बराच काळ वाद चालू आहे. खेळाडूंच्या संघटनेचा मर्यादेला ठाम विरोध. त्यांचंही बरोबरच आहे म्हणा. मर्यादा मालकाच्या खर्चाला नसते, ती कामगाराच्या पगाराला असते.

दिवाळीनंतर दादाला फोन केला, तेव्हा मी स्नेलवर भयंकर तापले होते. "गद्दार कुठला! ज्यांनी घडवलं, त्यांच्यासारख्यांच्याच मुळावर उठला."

दादा शांतपणे म्हणाला, "का गं? रेजने त्याला दोन महिन्यांत विकला, तेव्हा त्यांना विचारलंस? आणि मी पुण्यातली ती बारा माणसांची कंपनी सोडून इकडे आलो, तेव्हा तू एअरपोर्टवर पेढे घेऊन आली होतीस."

मी गप्प.

खरंच की. टीव्हीसमोर आपण सगळे मिलवॉकीकर. छोट्या संघाने मोठ्याला लोळवावं म्हणून नवस बोलणारे. आणि सोमवारी ऑफिसात? ज्या छोट्या कंपनीने आपल्याला कॉलेजमधून उचललं, काम शिकवलं, चुका पोटात घातल्या, तिचा राजीनामा टाइप करताना हात कितीसा थरथरतो? पंचवीस टक्के हाइक आणि मोठा लोगो दिसला की आपणही जर्सी बदलतोच. त्यात पाप नाही. करिअर कुणाचंही चारच सीझनचं असतं, आणि कंपनीही गरज सरली की थांबत नाही. फक्त मग स्नेलला शिव्या घालायचा हक्क राहत नाही, इतकंच.

हो, एक माणूस आठवला. २००२ च्या शेवटी बॉस्टन रेड सॉक्सने बिली बीनला पाच वर्षांचे सव्वा कोटी डॉलर देऊ केले होते. तो आधी हो म्हणाला, मग नाही म्हणाला आणि ओकलंडलाच राहिला. पुढे बॉस्टनने त्याच्याच धाटणीचा विचार उचलून २००४ मध्ये वर्ल्ड सीरिज जिंकली. बीनला ती कधीच मिळाली नाही.

मी दादाला विचारलं, "बीन वेडा होता का रे?"

पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "माहीत नाही. पण पिक्चर त्याच्यावर निघाला."